वनस्पतीचा अर्क आणि मंदावलेली नाडी: स्मृतिभ्रंशाच्या एका रुग्णाचे प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना दोन वर्षांपूर्वी सौम्य अवस्थेतल्या अल्झायमरचे निदान झाले होते. डोनेपेझिल सुरू झाले, आधी ५ मिलिग्रॅम आणि मग रोज रात्री १०. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल बऱ्याच वर्षांपासून चालू होते. एकदा काही मिनिटे बोलणे अडखळले, तेव्हापासून कमी मात्रेचे ॲस्पिरिनही होते.

पुढचे सगळे समजायला डोनेपेझिल काय करते ते माहीत हवे. ॲसिटिलकोलिन हा मेंदूतला एक संदेशवाहक रेणू. अल्झायमरमध्ये तो कमी पडतो. त्याला मोडणाऱ्या कोलिनएस्टरेज या एन्झाइमला डोनेपेझिल अडवते, त्यामुळे उरलेसुरले ॲसिटिलकोलिन जास्त वेळ टिकते. मात्र हा रेणू फक्त मेंदूत नसतो. व्हेगस मज्जातंतू त्याच्याच मार्फत हृदयाचे ठोके मंदावतो आणि आतड्यांची हालचाल वाढवतो. लाळ सुटणे, मूत्राशय आकुंचन पावणे ही कामेही ॲसिटिलकोलिनचीच. मेटोप्रोलॉल वेगळ्या वाटेने ठोके कमी करते. म्हणून ही दोन औषधे एकत्र चालू असतील तर दर भेटीत नाडी मोजायची, असा नियम आहे. इथे तो पाळला गेला होता. दोन वर्षांच्या केस पेपरवर नाडीचा आकडा ५८ ते ६२ च्या दरम्यान होता. या आकड्यांनी पुढे फार मोठे काम केले.

आईची सगळी देखभाल मुलगी करत होती, आणि मनापासून करत होती. अल्झायमरमध्ये मेंदूतल्या मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी सतत चिथावलेल्या राहतात, त्यांच्यातून दाह वाढवणारी द्रव्ये बाहेर पडतात आणि चेतापेशींचे नुकसान होते, हे तिने वाचले होते. काही वनस्पतिजन्य रेणू हा दाह कमी करतात, हेही वाचले होते. यातले काहीच चुकीचे नव्हते. त्या वाचनातून तिने स्मरणशक्तीसाठी विकली जाणारी, अनेक अर्क एकत्र केलेली एक कॅप्सूल निवडली आणि आईला दिवसातून दोनदा द्यायला सुरुवात केली. ती वनस्पतींची होती, म्हणून डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे असे तिला वाटले नाही.

अडचण

तिसऱ्या आठवड्यापासून मळमळ सुरू झाली. भूक गेली, वजन उतरले. तोंडाला पाणी सुटत राहायचे. लघवीची घाई इतकी वाढली की स्वच्छतागृहापर्यंत पोहोचणे अवघड होऊ लागले. रात्री भयंकर स्वप्ने पडून त्या दचकून उठत. मग चक्कर सुरू झाली आणि एकदा पडल्या.

प्रत्येक लक्षणाला सहज पटणारे स्पष्टीकरण होते. भूक जाणे, झोप बिघडणे, लघवीवर ताबा न राहणे: आजार पुढे सरकतो आहे, असेच घरच्यांनी मानले. लघवीच्या तक्रारीसाठी एका डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन लिहून दिले. हे औषध ॲसिटिलकोलिनची क्रिया अडवते, म्हणजे डोनेपेझिलच्या अगदी उलट काम करते. एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजायचे आणि त्यावर दुसरे औषध द्यायचे, ही साखळी वृद्धांच्या उपचारात वारंवार दिसते. कोलिनएस्टरेज रोखणाऱ्या औषधांनंतर लघवीसाठी दिली जाणारी औषधे हे तिचे ठळक उदाहरण. सुदैवाने मुलीने ती गोळी लगेच सुरू केली नाही. पुढच्या भेटीत विचारू, असे तिने ठरवले होते.

ती भेट व्हायच्या आधीच एका सकाळी त्या उठून उभ्या राहिल्या आणि शुद्ध हरपून कोसळल्या. रुग्णालयात आणले तेव्हा नाडी ३८ होती, रक्तदाब ९४/५६.

समोरचे पर्याय

ईसीजीमध्ये ठोके मंद होते, पण हृदयातला विद्युतसंदेश कुठे अडलेला नव्हता. पोटॅशियम, थायरॉइड आणि ट्रोपोनिनच्या (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणाऱ्या) तपासण्या ठीक आल्या. पडताना डोक्याला मार लागला होता, म्हणून सीटी स्कॅन केले, रक्तस्राव नव्हता.

पहिला पर्याय पेसमेकरचा. सत्तरी ओलांडलेले वय, भोवळ, ३८ ची नाडी. हृदयाची नैसर्गिक गती ठरवणारी गाठ वयानुसार थकली असेल, हा तर्क अगदी रास्त होता. तसे असते तर पेसमेकर हाच उपचार. पण कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या वृद्धांच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात कोलिनएस्टरेज रोखणारी औषधे घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांमध्ये भोवळीसाठी रुग्णालयात येण्याचे प्रमाण ही औषधे न घेणाऱ्यांच्या सुमारे पावणेदोन पट होते. पेसमेकर बसवण्याचे प्रमाणही सुमारे दीडपट होते. म्हणजे औषधामुळे मंदावलेल्या नाडीवर कायमचे यंत्र बसवले जाण्याचा धोका खरा आहे.

दुसरा पर्याय डोनेपेझिल कायमचे बंद करण्याचा. तोही बिनखर्ची नाही. मध्यम ते तीव्र अल्झायमरच्या २९५ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, डोनेपेझिल चालू ठेवलेल्यांची आकलनशक्ती आणि रोजची कामे करण्याची क्षमता ते थांबवलेल्यांपेक्षा चांगली राहिली होती. या बाईंना डोनेपेझिलचा उपयोग होत होता, हे घरचे स्पष्ट सांगत होते.

तिसरा पर्याय मेटोप्रोलॉल थांबवण्याचा. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर हे औषध एकाएकी बंद करणे घातक ठरू शकते. या रुग्णाला तो आजार नव्हता; औषध फक्त रक्तदाबासाठी होते. त्यामुळे हा निर्णय सोपा होता आणि तो त्याच दिवशी घेतला गेला.

तरीही एक प्रश्न शिल्लक होता. हीच दोन औषधे, याच मात्रेत, दोन वर्षे सुरळीत चालली होती. मग आत्ताच काय बदलले? पथकाने हा प्रश्न सोडून दिला नाही, म्हणूनच पुढचे सगळे उलगडले.

कॅप्सूल कशी सापडली

दाखल करताना मुलीला विचारले होते, "आणखी काही औषधे चालू आहेत का?" तिने नाही म्हटले. ते उत्तर तिच्या दृष्टीने पूर्ण खरे होते. दुसऱ्या दिवशी वॉर्डमधल्या औषधतज्ज्ञ बाईंनी वेगळ्या शब्दांत विचारले, "डॉक्टरांनी लिहून दिलेलं नाही, असं आईंना रोज काय काय देता? जीवनसत्त्वं, अर्क, काढे, काहीही."

"एक कॅप्सूल देते, पण ते औषध नाही, वनस्पतींचं आहे."

बाटली मागवली. कधी सुरू केली होती, तेही विचारले. मळमळ सुरू होण्याच्या तीन आठवडे आधी.

बाटलीवर काय लिहिले होते

बाटलीवर ठळक अक्षरांत हळदीतले कर्क्युमिन, गिंको या झाडाचा अर्क आणि ब्राह्मी यांची नावे होती. खाली बारीक अक्षरांत पिपेरिन आणि शेवटी हुपरझिया सेराटाचा अर्क, त्यात हुपरझिन ए २०० मायक्रोग्रॅम. दिवसाला दोन कॅप्सूल म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम.

शेवटची ओळ वाचली आणि मंद नाडीचा अर्थ लागला. हुपरझिया सेराटा ही क्लबमॉस गटातली, फुले न येणारी एक लहान वनस्पती. तिच्यातले हुपरझिन ए हे अल्कलॉइड कोलिनएस्टरेजला अडवते, आणि ताकदीने अडवते. डोनेपेझिलचे आणि त्याचे काम एकच. चीनमध्ये ते औषध म्हणून वापरतात. अमेरिकेत आहारपूरक (सप्लिमेंट) म्हणून चिठ्ठीशिवाय मिळते. म्हणजे या बाई एकाच गटातली दोन औषधे, वर मेटोप्रोलॉल, अशा तिहेरी ओझ्याखाली होत्या. मळमळ, लाळ, लघवीची घाई, स्वप्ने, मंद नाडी ही वेगवेगळी वाटणारी लक्षणे एकाच कारणाची होती: ॲसिटिलकोलिनचा अतिरेक.

पिपेरिनचा वाटाही विचारात घ्यावा लागला. मिऱ्यातला हा रेणू कर्क्युमिनबरोबर मुद्दाम घालतात, कारण नुसते कर्क्युमिन पोटातून घेतले तर आतड्यात आणि यकृतात त्याचे झपाट्याने रूपांतर होते आणि रक्तात जवळजवळ काही पोहोचत नाही. १९९८ च्या एका छोट्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरिन दिल्यावर माणसांमध्ये कर्क्युमिनची जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढलेली आढळली. पण पिपेरिन निवड करत नाही. औषधांचे विघटन करणाऱ्या सीवायपी३ए४ या एन्झाइमलाही ते अडवते, आणि डोनेपेझिलचे विघटन काही अंशी याच एन्झाइममार्फत होते. त्यामुळे डोनेपेझिलची रक्तातली पातळीही वाढली असणे शक्य होते. ती मोजली गेली नाही.

कर्क्युमिनमुळे यकृताचीही तपासणी केली. हळदीच्या भुकटीत कर्क्युमिन सुमारे ३ टक्के असते. संहत अर्काची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदणीत हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेले दहा रुग्ण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नोंदवले आहेत. त्यातल्या सात जणांमध्ये एचएलए-बी*३५:०१ हा जनुकप्रकार होता आणि एका रुग्णाचा मृत्यू झाला. इथे यकृताची एन्झाइम्स सामान्य आली.

निर्णय

हृदयरोगतज्ज्ञांचा निर्णय मला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो: पेसमेकर बसवणे तूर्त थांबवायचे. पाय उंच करून आणि शिरेतून द्रव देऊन रक्तदाब शंभरीच्या वर आला होता, रुग्ण शुद्धीवर होत्या, आणि कारण दूर करता येण्याजोगे दिसत होते. त्यांना सतत मॉनिटरवर ठेवले. ठोके वाढवणारे ॲट्रोपिन आणि तात्पुरत्या पेसिंगची सामग्री खाटेशेजारी सज्ज होती. नाडी ३५ च्या खाली गेली, पुन्हा भोवळ आली किंवा ईसीजीत अडथळा दिसला तर वाट पाहायची नाही, हे लिहून ठेवले. थांबण्याचा निर्णय अशा लेखी मर्यादांसह घेतला की तो रात्रपाळीच्या डॉक्टरांनाही पेलता येतो.

कॅप्सूल आणि मेटोप्रोलॉल बंद झाले. डोनेपेझिलबद्दल मतभेद होते. एका बाजूचे म्हणणे, फक्त नवीन गोष्ट काढा आणि जुने औषध चालू ठेवा, कारण दोन वर्षे ते त्यांना मानवले होते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, ३८ च्या नाडीत हे औषध देणे योग्य नाही. डोनेपेझिलचा अर्धायुकाल, म्हणजे शरीरातले औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सुमारे ७० तासांचा. काही दिवस थांबवले तरी ते शरीरातून एकदम नाहीसे होत नाही. या माहितीमुळे वाद मिटला. थोडे दिवस थांबवून आकलनाचे फारसे नुकसान होणार नव्हते, आणि नाडीला वाव मिळणार होता.

मुलीशी बोलणे

या संवादाला घाईने उरकले असते तर पुढची कॅप्सूल लपवून दिली गेली असती, असे मला खात्रीने वाटते. मुलगी हादरली होती. "मी आईला विष देत होते का?" हा तिचा पहिला प्रश्न. तिला सांगितले की तिने वाचलेले विज्ञान खरे आहे. ज्या रेणूने त्रास झाला त्याचा परिणाम खरा आहे म्हणूनच त्रास झाला.

तिचा दुसरा प्रश्न जास्त खोल होता. "मग वनस्पतींमध्ये उपयोगाचं काहीच नाही का?"

याचे उत्तर औषधशास्त्राच्या इतिहासातच आहे. अल्झायमरवरचे गॅलँटामिन हे औषध स्नोड्रॉप या फुलझाडाच्या कुळातून आले. अमेरिकेत त्याला २००१ मध्ये मान्यता मिळाली. तेही कोलिनएस्टरेजच अडवते. फरक इतकाच की त्याची मात्रा ठरलेली आहे, कोणाला द्यायचे नाही हे ठरलेले आहे, आणि नाडी तपासायची असते हे लिहून देणाऱ्याला माहीत असते. पूरकांच्या बाबतीत लेबलवरचा आकडाही भरवशाचा नसतो. गॅलँटामिन असल्याचा दावा करणाऱ्या पूरकांची अमेरिकेत झालेली तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्यक्षात सापडलेले प्रमाण लेबलवरच्या आकड्याच्या २ टक्क्यांहून कमी ते ११० टक्के इतके वेगवेगळे होते.

मग कॅप्सूलमधला एकेक घटक तिच्यासमोर मांडला. कर्क्युमिन पेशींच्या प्रयोगांत एनएफ-कप्पा-बी या दाह वाढवणाऱ्या मार्गाला रोखते, हे खरे. पण त्या प्रयोगांत वापरलेली तीव्रता मायक्रोमोलरमध्ये असते, आणि माणसाने काही ग्रॅम घेतले तरी रक्तात मुक्त कर्क्युमिन नॅनोमोलरच्या, म्हणजे हजारपट लहान एककाच्या, घरात राहते. मेंदूपर्यंत पोहोचणे तर त्याहूनही अवघड. अल्झायमरच्या रुग्णांवर हाँगकाँग आणि अमेरिकेत झालेल्या, दिवसाला ४ ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन दिलेल्या चाचण्यांत आकलनात फायदा दिसला नाही. स्मृतिभ्रंश नसलेल्या ४० जणांवर १८ महिने झालेल्या एका चाचणीत, जी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, स्मरणशक्ती सुधारल्याचे दिसले. त्यात सहज शोषले जाणारे खास कर्क्युमिन वापरले होते. ही आशादायक गोष्ट आहे, पण ती वेगळ्या लोकांबद्दल आणि वेगळ्या उत्पादनाबद्दल आहे.

गिंकोबद्दल उत्तर अधिक स्पष्ट होते. अमेरिकेत ३०६९ वृद्धांना दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम अर्क किंवा निष्क्रिय गोळी देऊन सरासरी सहा वर्षे पाहिले गेले. २००८ च्या निष्कर्षांनुसार गिंको घेणाऱ्या २७७ जणांना आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्या २४६ जणांना स्मृतिभ्रंश झाला. म्हणजे संरक्षण मिळाले नाही. ब्राह्मीच्या काही छोट्या चाचण्यांत निरोगी वृद्धांच्या स्मरणात थोडा फरक दिसला आहे, आणि पोटाच्या तक्रारीही. हुपरझिन ए च्या अमेरिकेतल्या २१० रुग्णांच्या चाचणीत २०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे या कॅप्सूलइतक्याच मात्रेने, १६ आठवड्यांत आकलनाच्या मुख्य मोजमापात फरक पडला नव्हता. आईच्या वाट्याला धोका आला होता. फायद्याचा भक्कम पुरावा त्या मात्रेला नव्हता.

मुलीने हे सगळे वहीत उतरवून घेतले. तिच्या वाचनाची हेटाळणी कोणी केली नाही, आणि माझ्या मते तेच योग्य होते.

परिणाम

४८ तासांनी नाडी ५२ झाली. त्या वेळी डोनेपेझिलचा साठ टक्क्यांहून अधिक अंश अजून शरीरात असणार होता. म्हणजे सुधारणा मुख्यतः मेटोप्रोलॉल आणि हुपरझिन निघून गेल्यामुळे, असे मानायला जागा आहे. या दोघांचे वाटे वेगळे काढता येत नाहीत. त्यासाठी एकेक पुन्हा देऊन पाहावे लागले असते आणि ते कोणी केले नाही. दुष्परिणामाच्या कारणमीमांसेच्या भाषेत संबंध 'संभाव्य' ठरतो, 'निश्चित' नाही. पण मेटोप्रोलॉल व डोनेपेझिलवर दोन वर्षे साठच्या आसपास असलेली नाडी तिसऱ्या गोष्टीनंतर ३८ वर यावी, हा क्रम बोलका आहे.

आठवड्याअखेर नाडी ६४ होती. मळमळ थांबली, लघवीची घाई पूर्वीइतकी खाली आली. ऑक्सिब्युटिनिनची गरजच उरली नाही. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन सुरू केले, जे ठोके मंदावत नाही. डोनेपेझिल ५ मिलिग्रॅमवर पुन्हा दिले. २४ तासांच्या होल्टर तपासणीत (ठोक्यांच्या सलग नोंदीत) ठोक्यांमध्ये लांब विराम दिसले नाहीत. पेसमेकर बसवावा लागला नाही. दोन महिन्यांनी वजन परत आले आणि आकलनाची चाचणी आजारपणापूर्वीच्या पातळीजवळ होती.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, प्रश्नाची शब्दरचना. "आणखी औषधे?" या प्रश्नात पूरके येत नाहीत, कारण घेणाऱ्याच्या मनात ती औषधे नसतात. बाटल्याच घेऊन यायला सांगणे हा उत्तम मार्ग. घटकांची बारीक अक्षरे तोंडी सांगता येत नाहीत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत तर हे अधिकच गरजेचे, कारण स्मरणशक्तीची पूरके त्यांच्याच घरच्यांना विकली जातात आणि त्यांतली काही नेमकी त्यांच्या औषधाच्या गटातली असतात.

मळमळीची पहिली तक्रार आली तेव्हा नाडी मोजली असती तर ती तेव्हाच ५० च्या खाली सापडली असती, असा माझा अंदाज आहे. भोवळ आणि पडणे टळले असते. कोलिनएस्टरेज रोखणारे औषध घेणाऱ्या रुग्णाला मळमळ, लाळ आणि लघवीची घाई एकत्र झाली तर आजार वाढल्याचे गृहीत धरण्याआधी गेल्या दोन महिन्यांत काय नवीन सुरू झाले ते विचारायला हवे.

मेटोप्रोलॉलचा मुद्दा मला अजून टोचतो. फक्त रक्तदाबासाठी असेल तर डोनेपेझिल सुरू करतानाच ते बदलून ठोके न मंदावणारे औषध देता आले असते. नाडी ६० असेपर्यंत बदलायचे कारण दिसत नाही, हा युक्तिवाद समजतो. पण ६० च्या नाडीत राखीव जागा थोडी होती आणि ती एका कॅप्सूलने संपवली.

डोनेपेझिल पुन्हा १० वर न्यायचे का, यावर सहा महिन्यांनी पुन्हा विचार झाला. ५ वर त्या स्थिर होत्या, नाडी ६६, आणि मुलीलाही मात्रा वाढवायची घाई नव्हती. वाढवले नाही. कर्क्युमिन मिरीविना एकटे द्यावे का, असे तिने त्याच भेटीत विचारले. यकृताची एन्झाइम्स तपासत राहायची तयारी असेल तर मनाई नाही, पण फायद्याची अपेक्षा पुराव्यापेक्षा मोठी ठेवू नये, असे तिला सांगितले. तिने ते न देण्याचे ठरवले.